शकूताईंच्या हातचं पुस्तक

परवा प्रॅक्टिकलच्या तासाला दुसऱ्या वर्षाची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, बाकीच्या पुस्तकांतले प्रोग्राम कॉपी केले की चालतच नाहीत. ह्यातले पहिल्या झटक्यात चालतात." मी "हो का," म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे वळले. मराठीतून प्रोग्रामिंग शिकवणारं ते पुस्तक आमच्या ग्रंथालयात आहे, त्याची फाइल मुलांच्या मोबाइलवर फिरते, आणि मुखपृष्ठावर लेखक म्हणून अविनाश नावाच्या गृहस्थांचं नाव आहे. ते पुस्तक मी लिहिलेलं आहे. पाच वर्षं, उन्हाळ्याच्या सुट्ट्या धरून.

पुस्तक माझं असून त्यावर माझं नाव नाही, आणि तरी त्यातला प्रत्येक प्रोग्राम चालतो. या दोन्ही गोष्टी एकाच बाईने केल्या. शकूताई त्यांचं नाव. त्यांच्याविषयी चांगलं लिहायला बसले की माझं मन उठतं, आणि वाईटच लिहायचं ठरवलं तर अर्धं खोटं होतं. म्हणून आठवेल तसं लिहिते. राग येईल तिथे येऊ देते.

नांदुऱ्यात स्टेशनकडे जाताना रुळांच्या अलीकडे एक लांबट खोली होती, त्यात शकूताईंची टायपिंगची इन्स्टिट्यूट. बारावीनंतरच्या सुट्टीत आईने मला तिथे घातलं. "मुलीच्या हाताला काहीतरी असावं," हे तेव्हाच्या आयांचं एक पेटंट वाक्य होतं. भिंतीला लागून बारा टाइपरायटर आणि मधल्या जागेत पाठीमागे हात बांधून फिरणाऱ्या ताई. किडकिडीत बांधा, सुती नऊवारी नव्हे तर साधी पाचवारी, पदर खोचलेला, आणि चष्म्याला काळा दोरा. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं विचारायची गावात कुणाची छाती नव्हती, आणि ज्यांची होती त्यांच्या मुली ताईंकडेच टायपिंग शिकत होत्या, त्यामुळे तेही गप्प.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातांवर एक जुना रुमाल टाकला. खालच्या कळा दिसेनात. मी चाचपडायला लागले तर म्हणाल्या, "बोटाले डोळे असते मंजू. तू उगाच कपाळावरचे वापरून राह्यली." महिनाभर तो रुमाल हातांवर होता. आजही मी वर्गाकडे तोंड करून, मुलांशी बोलत टाइप करू शकते. मुलांना त्याचं नवल वाटतं. मला तो रुमाल आठवतो, आणि हल्ली आठवला की त्रास होतो.

खोलीच्या मागून मुख्य लाइन जायची. मालगाडी आली की टेबलं थरथरायची. ताई तेव्हा सगळ्यांना कळांवरून हात उचलायला लावत. साठ-साठ डब्यांची गाडी जाईपर्यंत बारा पोरी हात वर करून बसलेल्या, जणू देवीची आरती चाललीय. एकदा एक मुलगी कंटाळून म्हणाली की एवढ्याने काय होतं. ताईंनी तिला थरथरत्या टेबलावर एक ओळ टाइप करायला लावली, मग गाडी गेल्यावर तीच ओळ पुन्हा, आणि दोन्ही ओळी तिच्यापुढे ठेवल्या. मला दोन्ही सारख्याच दिसल्या. ताईंना तशा दिसत नव्हत्या.

त्यांचा भाचा अवी तिथेच वाढला. धाकटी बहीण बाळंतपणानंतर वर्षभरात गेली, मेहुण्याने दुसरं लग्न केलं, आणि तीन वर्षांचं पोर ताईंच्या पदरात आलं. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान. शांत, हुशार, थोडासा भित्रा. मशीनच्या खडखडाटात तो कोपऱ्यात बसून अभ्यास करायचा आणि ताई फिरता फिरता त्याच्या डोक्यावर हात ठेवून जायच्या. तेवढाच काय तो त्यांचा लाड. एकदा सराव परीक्षेत त्याने चुकलेलं अक्षर ब्लेडने हळूच खरवडून त्यावर दुसरं मारलं. इतकं सफाईने की परीक्षकालाही कळलं नसतं. ताईंनी कागद उजेडात धरला आणि त्याला त्या सत्राच्या परीक्षेला बसूच दिलं नाही. सहा महिने वाया गेले. माझी आई समजूत घालायला गेली तर म्हणाल्या, "चुकला असता तं चाललं असतं वहिनी. त्यानं लपवलं." अवी चार दिवस जेवला नाही. ताईही जेवल्या नाहीत, पण परीक्षेचा अर्ज काही भरला नाही.

हे मी मुद्दाम सांगते आहे. ज्या बाईबद्दल पुढचं सगळं सांगायचं आहे ती ही बाई होती.

टाइपरायटर गेले तसे ताईंनी दोन कॉम्प्युटर घेतले. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, तेरवीच्या पत्रिका, शाळांचे पेपर असं सगळं त्या टाइप करून, पानं जुळवून द्यायला लागल्या. गिऱ्हाईक त्यांना वचकून असे. मजकूर घेऊन येणाऱ्याला त्या आधी तो मोठ्याने वाचायला लावत, स्वल्पविरामासकट. एकदा गावातले पाटील, सधन शेतकरी, मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. सोयरीक पार लोणारकडे, बीबी गावची. मुलाकडच्यांनी लिहून पाठवलेला मजकूर होता, त्यामुळे त्यातली मात्राही हलवायची नाही असा हुकूम. ताईंनी मजकूर ऐकला आणि भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. तारीख होती शुक्रवारची आणि पत्रिकेत वार होता गुरुवार. पाटील म्हणाले, जसं दिलं तसं छापा, व्याही रागीट आहेत, ते पुढचं पाहतील. ताईंनी कागद त्यांच्याकडे सरकवला आणि दुसरं काम घेतलं. शेवटी पाटलांनी तिथूनच बीबीला फोन लावला. मुलाकडचे वऱ्हाडी गुरुवार धरून बसले होते, मंगल कार्यालय शुक्रवारचं होतं. त्या लग्नात ताईंना पहिल्या पंगतीला बसवलं गेलं, आणि त्यांनी तिथेही आहेराच्या पाकिटावरचं नाव चुकलेलं दाखवलं.

मी शिकले, कॉम्प्युटरमध्ये एम.एस्सी. झाले, लग्न होऊन नांदुऱ्यातच राहिले आणि कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवू लागले. तासिका तत्त्व म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत. जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टीचे नाहीत, आणि दर जूनमध्ये नव्याने अर्ज. नऊ वर्षं मी असा अर्ज करत होते. कायमच्या जागेची जाहिरात निघण्याची वाट पाहायची, आणि तोपर्यंत मुलाखतीत गुण मिळतील असं काहीतरी करून ठेवायचं. स्वतःचं पुस्तक असेल तर त्याला गुण होते. पण मी केवळ गुणांसाठी लिहिलं असं म्हटलं तर तेही खोटं. माझ्या वर्गात संग्रामपूरकडच्या खेड्यांतून एसटीने येणारी मुलं होती, इंग्रजी पुस्तक उघडलं की त्यांचे चेहरे मिटायचे. त्यांच्यासाठी मी मराठीत लिहायला घेतलं. उदाहरणं त्यांच्याच ओळखीची घेतली: एसटीचं वेळापत्रक, सरकीचं वजन, गावांची यादी.

पुस्तक टाइप करायला शकूताईंशिवाय दुसरं कुणी मनातही आलं नाही.

इथे एक अडचण होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. प्रोग्राममध्ये एखादं नाव लिहायचं तर ते अवतरणचिन्हांत ठेवावं लागतं, आणि ती चिन्हं सरळ लागतात, टाइपरायटरवर होती तशी: दोन बारीक उभ्या रेघा, सुरुवातीला तशाच आणि शेवटीही तशाच. पण पुस्तकं जुळवणारी सॉफ्टवेअर फार शहाणी असतात. तुम्ही सरळ चिन्ह टाइप केलं की ती आपल्या मनाने ते वळवून टाकतात, स्वल्पविरामासारखं गोल, कारण छापील पानावर तसं देखणं दिसतं. माणसाला फरक पडत नाही. कॉम्प्युटरला पडतो. वळलेलं चिन्ह दिसलं की तो प्रोग्राम चालवायला साफ नकार देतो, आणि नवखं पोर दोन तास आपलं कुठे चुकलं ते शोधत बसतं. बाजारातल्या बहुतेक पुस्तकांचं असं झालेलं असतं.

मी ताईंना हे समजावलं तेव्हा त्या अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे यंत्राले शहानपना करू द्याचा नाही, एवढंच नं?" मी त्यांना एक वेगळी प्रणाली दाखवली. तिच्यात पान डोळ्यांपुढे दिसत नाही, मजकुराच्या मधेमधे आज्ञा लिहायच्या आणि मग पान तयार होऊन बाहेर येतं. तीसुद्धा चिन्हं वळवतेच, पण तिला हुकूम देऊन थांबवता येतं. मला वाटलं होतं त्या कंटाळतील. त्यांनी वही केली, दोन महिने माझ्या घरी येऊन शिकल्या, माझ्या सासूबाई त्यांना चहा देता देता थकल्या. नंतर मला एका ओळीची अशी आज्ञा सापडली की सगळ्या पुस्तकातली चिन्हं एकदम सरळ होतील. मी आनंदाने सांगायला गेले. ताईंनी ती नाकारली. मराठी वाक्यांत कुणाचं बोलणं आलं तर तिथलं चिन्ह वळलेलंच छान दिसतं, म्हणाल्या, आणि प्रोग्राममधलं तेवढं सरळ हवं. मग त्यांनी एकेका चिन्हापाशी जाऊन हाताने वेगळी आज्ञा लिहिली. शेकडो ठिकाणी.

एवढ्यावर भागलं असतं तर त्या शकूताई कसल्या. एक प्रकरण जुळवून झालं की त्यातले सगळे प्रोग्राम त्या पानावरून उचलून कॉम्प्युटरला खरोखर देऊन पाहत. प्रोग्रामिंगचं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पडद्यावर गावांची यादी उमटली, नांदुरा, लोणार, बीबी, की मला फोन यायचा, "चालला वं तुहा चौदावा." नाही चालला की त्याचाही फोन, आणि तेव्हा बहुतेक वेळा चूक माझी निघायची. माझ्या पाच तरी चुका त्यांनी अशा पकडल्या. मी मनोगतात त्यांच्यावर एक अख्खा परिच्छेद लिहिला होता. तो टाइप करताना त्यांनी फक्त 'अत्यंत' हा शब्द दोनदा आलाय, एक काढू का, असं विचारलं.

एव्हाना अवीही माझ्याच विषयात एम.एस्सी. होऊन जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका कॉलेजात तासिकेवर लागला होता. आम्ही भेटलो की जाहिरात कधी निघते यावर बोलायचो. त्याचं लग्न ठरत नव्हतं. नोकरी पक्की नाही म्हटल्यावर मुलीकडचे चहाही पुरता पीत नव्हते.

जाहिरात निघाली. एका कॉलेजात, आमच्या विषयाची, एकच जागा. माझं पुस्तक तयार होतं, म्हणजे मला तसं वाटत होतं. ताईंकडे गेले तर म्हणाल्या, एक वाचन बाकी आहे. आठ दिवसांनी गेले तर तेच. पंधरा दिवसांनी म्हणाल्या डोळे दुखतात. मी घाई केली नाही. ज्या बाईने मला घाई न करायला शिकवलं तिला घाई कशी करायची? अर्जाची शेवटची तारीख गेली. अर्जात 'पुस्तक प्रकाशनाच्या मार्गावर' असं लिहिलं, ज्याला काही गुण नसतात.

मुलाखतीच्या दिवशी उमेदवारांना एका वर्गात बसवलं होतं. अवीही होता. मला पाहून तो उठला, पुन्हा बसला, आणि मोबाइल काढून बाहेर गेला. त्याच्या बाकावर फाइल होती आणि फाइलवर एक कोरं पुस्तक. मी सहज उचललं. मला खरंच आनंद झाला होता, की यानेही लिहिलं आणि बोलला नाही. अनुक्रमणिका वाचली आणि उभ्याउभ्याच पानं उलटू लागले.

प्रकरणं माझी होती, क्रमही माझा. वाक्यं इथेतिथे बदलली होती. पहिला विचार आला तो हा, की पोराने मावशीच्या कॉम्प्युटरमधून फाइल चोरली. आणि त्याच्या पाठोपाठ, बिचाऱ्या ताईंना हे कसं सांगायचं. खरोखर हाच विचार आला. त्या क्षणी मला माझ्यापेक्षा त्यांचं वाईट वाटलं, आणि याची मला आजही स्वतःची चीड येते.

मग मी प्रोग्राम पाहिले. माझी उदाहरणं बदललेली होती. जिथे मी 'बीबी' लिहिलं होतं तिथे दुसरं गाव होतं, सरकीच्या जागी तूर होती, तीन उदाहरणं तर अगदी नवी. आणि त्या प्रत्येक बदललेल्या ओळीत, नव्या उदाहरणांत, चिन्हं सरळ होती. आजूबाजूच्या मराठी वाक्यांतली मात्र वळलेली. अवीला ती प्रणाली उघडतासुद्धा येत नव्हती. तो आपला साध्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करायचा, तिथे चिन्हं वळल्याशिवाय राहत नाहीत. जिल्ह्यात हे काम असं करणारी बोटं एकाच बाईची होती. त्यांनी बदललेल्या ओळी तशाच वळलेल्या ठेवल्या असत्या तर मी जन्मभर अवीला चोर समजले असते आणि ताईंच्या गळ्यात पडून रडले असते. पण न चालणारा प्रोग्राम छापणं त्यांच्याने झालं नाही.

मुलाखतीत मी काय बोलले ते मला आठवत नाही. जागा अवीला मिळाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी ताईंकडे गेले. कूलर चालू होता, कागदांवर त्यांनी नेहमीसारखी वजनं ठेवली होती. मला वाटत होतं त्या नाकारतील, किंवा रडतील. मी त्यासाठी तयारी करून गेले होते. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि मी तोंड उघडायच्या आधी म्हणाल्या, "अवीनं नाही केलं. मीनं केलं. त्यानं आधी नाहीच म्हटलं होतं."

का, असं मी विचारलं. आवाज चढला होता.

"तुह्या घरात नवऱ्याचा पगार येते," त्या म्हणाल्या. "तुहं लग्न झालं, लेकरू झालं. अवी चौतिसाचा झाला. त्याले कोन हाय मंजू? मी मेल्यावर त्याले कोन हाय?"

मला खूप लागलं ते इथे. चोरीपेक्षा इथे. उभं आयुष्य स्वतःच्या बोटांवर जगलेली बाई, मुलीच्या हाताला काहीतरी असावं म्हणून आमच्या आया जिच्याकडे आम्हाला पाठवायच्या ती बाई, मला सांगत होती की तुला नवरा आहे. मी तसं बोलूनही दाखवलं. ताई, हे तुम्ही सांगताय? त्यांनी खाली पाहिलं. मग ड्रॉवरमधून एक गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. माझं पुस्तक. सगळी पानं, शेवटचं वाचन झालेलं, मनोगतात त्यांच्यावरचा तो परिच्छेद जसाच्या तसा. म्हणाल्या, तयार आहे, केव्हाही छापायला दे. आता ते छापलं तर चोर मीच ठरणार होते, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. हाती घेतलेलं काम पुरं करून द्यायचं, एवढंच त्यांनी पाहिलं.

मी गठ्ठ्याला हात लावला नाही. म्हटलं, "मग लिहून द्या. हे पुस्तक माझं होतं आणि तुम्ही ते अवीच्या नावाने जुळवून दिलं, एवढं एका कागदावर लिहून द्या. मी विद्यापीठाकडे तक्रार करते."

 मग म्हणाल्या, "हाव. देते." आणि कॉम्प्युटरकडे वळल्या.

मला विश्वास बसेना. त्या माझ्यासमोर टाइप करू लागल्या. आयुष्यभर लोकांची प्रतिज्ञापत्रं केलेली, मसुदा सांगायला कुणी नको होता. मी, शकुंतला अमुक, राहणार नांदुरा, लिहून देते की. माझं हस्तलिखित कोणत्या महिन्यात त्यांच्याकडे आलं, किती प्रकरणं होती, कोणती उदाहरणं त्यांनी स्वतः बदलली, कोणती तीन नवी घातली, सगळं. मला जे माहीत नव्हतं तेही त्यात होतं. माझी बाजू मीसुद्धा इतकी नीट मांडली नसती. टाइप झाल्यावर त्यांनी ते मोठ्याने वाचलं, स्वल्पविराम आणि पूर्णविरामांसकट, आवाज कुठेही न हलता. मागून गाडी गेली तेव्हा थांबल्या, गाडी गेल्यावर पुढे वाचलं. ऐकता ऐकता माझा राग उतरत चालला होता. मला वाटलं, चुकल्या, पण शेवटी या शकूताईच आहेत.

कागद छापून बाहेर आला. त्यांनी पेन घेतलं, टोपण काढलं, खाली नावापाशी टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. मी वाट पाहिली. त्यांनी पेन बाजूला ठेवलं.

"पोराची नोकरी जाईन."

"माझी गेलीच आहे की, ताई."

"तुही लागली नव्हती," त्या म्हणाल्या. "लागली नाही, अन् लागून गेली, यात फरक हाय."

हे त्यांनी दुष्टपणाने म्हटलं नाही. मला दुष्टपणा चालला असता. त्यांनी ते एखाद्या पोरीला ओळीतली चूक दाखवावी तसं म्हटलं. मग कागद माझ्या हातात दिला. घेऊन जा, म्हणाल्या, खरं आहे ते सगळं. मी म्हटलं, बिनसहीचं घेऊन मी काय करू?  मला रडू यायला लागलं आणि त्यांच्यापुढे रडायचं नव्हतं, म्हणून मी उठले.

चपला घालून दोन पायऱ्या उतरले तोवर आतून हाक आली. "मंजू, थांब."

मी धावतच वर गेले. हे लिहायला लाज वाटते, पण मी धावले. ताई खुर्चीतून उठून उभ्या होत्या, हात पुढे करून. मी कागद त्यांना दिला. त्यांनी तो टेबलावर ठेवला, चष्मा नीट केला आणि तिसऱ्या ओळीवर बोट टेकवलं. एक शब्द दोनदा पडला होता. वाचताना सुटला, म्हणाल्या, आता डोळे पहिल्यासारखे राहिले नाहीत. बसून त्यांनी तो शब्द काढला, नवा कागद छापला, उजेडाकडे धरून वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिला. जुना कागद टोपलीत टाकला आणि नवा माझ्या हातात दिला. त्याच्यावरही सही नव्हती.